कंट्रोलर साहेबांचा खाकी कोट

एसटीतले कंट्रोलर, पगार आडनावाचे, वारले त्याला वर्ष झालं. परवा आमच्या शेजारच्या कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोला हार घालून सभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि माईकपुढे जाऊन म्हणाली, साहेबांनी आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नाही. मी मागच्या खुर्चीवर होतो. मला कोणी बोलायला सांगितलं नाही. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांशी पटलं नाही म्हणून अर्धवट. त्यात अंगाला म्हशींचा वास. तो माईकमधून पसरेल अशी भीती असावी.

मुंगीचं मात्र ते खरं बोलले. साहेब रोज सकाळी मूठभर साखर घेऊन कुंपणाच्या कडेने पेरत जायचे. मुंग्यांची त्यामुळे एवढी भरभराट झाली की शेजारच्या बाई साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायला लागल्या, आणि शेवटी सगळ्या कॉलनीने मिळून फवारणीवाला बोलावला. मारायचं काम शेजाऱ्यांनी केलं, पुण्य साहेबांच्या नावावर राहिलं. साहेबांची दया लय मोठी. फक्त ती राहायला कायम दुसऱ्याच्या घरी जायची. माझ्या घरी जास्त, कारण माझा गोठा त्यांच्या बंगल्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे.

गोठा आधीचा, कॉलनी नंतरची. हे मी पेठ रोडवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. सगळे नाक धरून ऐकतात. साहेबांनी नाक धरलं नव्हतं, हे कबूल करतो. पहिल्याच दिवशी दुधाची किटली घेऊन आले, दावणीपासून चांगलं दहा हात लांब उभे राहिले आणि म्हशींना हात जोडून म्हणाले, "काय म्हैसबाई, बऱ्या आहात ना?"

जन्मभर एसटीत गेलेला माणूस. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायच्या. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मच्छी बंद, आणि थंडी पडली की अंगात तो नोकरीतला जाड खाकी कोट. रिटायर झाले तरी आवाज रिटायर झाला नव्हता. घरात बायकोला चहा मागायचा तरी सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असा. आणि खिशात शिट्टी. पेठ रोडला एखादं कुत्रं, शेळी, खारूताई रस्ता ओलांडताना दिसली की साहेब मधोमध उभे राहून शिट्टी फुंकायचे, हात आडवा. मागे पिकअप, ट्रॅक्टर, रिक्षा, सगळ्यांची रांग. एकदा एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, कुत्रं गेलं की पलीकडं. आता कशाला थांबवलंय?"

साहेब म्हणाले, "तिची पिल्लं मागून येतायत."

"कुठंयत?"

"येतील. मार्गस्थ आहेत."

पिल्लं काही आली नाहीत. ती अजून माझ्या गोठ्याच्या मागे होती, कारण साहेबांनीच त्यांना आदल्या दिवशी तिथे आणून ठेवलं होतं. ऊब असते म्हणे.

उंदरांचंही तेच. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, स्वयंपाकघरात पिंजरा लावलेला. उंदीर सापडला की साहेब पिंजऱ्यावर फडकं टाकायचे, त्याला अंधारात बरं वाटतं म्हणून, आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचे. मी एकदा पेंडीच्या पोत्याआडून बघितलं, तर पिंजऱ्याचं दार उघडून त्या उंदराला हळूच सांगतायत, "जा. इथे काही कमी नाही."

मी म्हणलं, "साहेब, हा पाहुणा कुठला?"

"आमच्या घरचा. इथे त्याला मोकळं वाटेल."

"मला नाय वाटत मोकळं. पेंड माझी हाय."

"आप्पा, दोन दाण्यांनी तुमचं काय जातंय?"

मी मांजर आणलं. साहेब दुसऱ्या दिवशी येऊन मला हिंसेवर बोलून गेले. मांजराशीही बोलले, समजावून. मांजराने ऐकून घेतलं. कामाच्या वेळी मात्र त्याने स्वतःचंच केलं.

अशी आमची रोजची करमणूक चालली होती. ती बिघडली गंगीच्या रेडकावरून.

गंगी माझी सगळ्यात चांगली म्हैस. दुधाला भरपूर, स्वभावाला हट्टी. माझ्यावर गेलीय असं सूनबाई म्हणते. ती व्याली, टोणगा झाला, म्हणजे नर, दुधाच्या धंद्यात नुसतं खाणारं तोंड, आणि थोड्याच दिवसांत त्याला जुलाब लागले. डॉक्टर आणला, सलाइन लावलं, पण गेला. आता ज्यांनी दूध फक्त पिशवीत पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. म्हैस रेडकाला चाटते तेव्हा पान्हा सोडते. रेडकू नसलं की दूध वर चढवून बसते. धार निघत नाही, कास भरून येते, तटतटते, तशीच राहिली तर दगडासारखी होऊन सडते. यावर दोन उपाय. एक सुई. टोचली की म्हशीची इच्छा असो-नसो, दूध खाली येतं. कायद्याने बंद आहे आणि कुठेही मिळते. दुसरा उपाय जुना. मेलेल्या रेडकाचं कातडं काढून त्यात पेंढा भरायचा, शिवायचं आणि आईच्या तोंडापुढे उभं करायचं. ती वास घेते, चाटते, पान्हा सोडते. माझ्या गोठ्यात सुई कधी शिरली नाही आणि मी असेपर्यंत शिरणार नाही. मी कातडं शिवून घेतलं. गंगी चाटू लागली. धार सुरू झाली.

साहेब किटली घेऊन आले आणि बघतच राहिले.

"आप्पा, हे काय आहे?"

"गंगीचं रेडकू."

"ते तर गेलं ना?"

"गेलं. पण तिला नाय सांगितलं अजून."

ते जरा पुढे आले. पायाच्या जागी काठ्या, डोळ्याच्या जागी टाका. गंगी मन लावून त्याचा कान चाटत होती. साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तुम्ही एका आईला फसवताय."

"सुई टोचू का मग? ती फसवत नाय. सरळ टोचते."

"दोन्ही पाप आहे."

"आणि किटली?"

किटलीकडे त्यांनी पाहिलं. मग खाली ठेवली आणि जे विचारू नये ते विचारलं. "खरं सांगा आप्पा. मेला, की मरू दिला? टोणगा होता ना."

दुसऱ्यांच्या गोठ्यात टोणगे का टिकत नाहीत ते मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे चहा पितात. पण माझ्या दावणीला उभं राहून मला हे विचारायचं? मी किटली उचलून त्यांच्या हातात दिली आणि रस्ता दाखवला.

त्या दिवसापासून साहेबांनी दूध सोडलं. कोरा चहा प्यायचा आणि कॉलनीत सांगायचं की कोरा पितोय. वहिनी मागच्या दाराने माझ्या सुनेकडून अर्धा लिटर न्यायच्या. "त्यांना सांगू नका हो आप्पा. दही लावते. दुकानातलं आहे म्हणून सांगितलंय." साहेब दोन वाट्या दही खायचे आणि दुकानाचं नाव काढून कौतुक करायचे.

पुढे मी भाचीच्या लग्नाला सिन्नरला गेलो. एका मुक्कामाचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावर उतरलो तर गंगीचं ओरडणं मला तिथूनच ऐकू आलं. म्हशीचं नेहमीचं ओरडणं वेगळं आणि हे वेगळं. गोठ्यात आलो. गंगी दावं ताणून उभी, गव्हाणीतली वैरण तशीच, कास पेटल्यासारखी लाल. पुढचं रेडकू गायब.

सूनबाई म्हणाली, "पगार साहेब घेऊन गेले. म्हणाले, मी आप्पांशी बोलतो."

बोलतो म्हणाले होते. कधी, ते सांगितलं नव्हतं.

रस्ता ओलांडला. साहेब ओट्यावर बसलेले, अंगात थंडीचा तो खाकी कोट, चेहऱ्यावर तीर्थयात्रेहून आल्यासारखं समाधान. त्यांनी काय केलं होतं ते अख्ख्या कॉलनीने बघितलं होतं. पेंढ्याचं रेडकू स्वतःच्या उपरण्यात गुंडाळलं. लहान मूल घ्यावं तसं छातीशी धरून मोकळ्या प्लॉटवर नेलं. कडुलिंबाखाली खड्डा, गुलाबपाणी, बुक्का, कापूर, वर हरिपाठ. मी जन्मात असं प्रेत पाहिलं नाही ज्यात नुसता पेठचा भाताचा पेंढा होता.

"आप्पा, बसा," म्हणाले. "रागावू नका. आईला खरं कळायलाच हवं. रडेल दोन दिवस, मोकळी होईल. माणसाचं असंच असतं."

मी म्हणलं, "चला."

"कुठे?"

"मोकळी झालेली बघायला."

आले. नेहमीच्या जागी, दहा हातांवर उभे राहिले. मी कासेला हात लावला आणि गंगीने लाथ झाडली. मी पुन्हा हात लावला, ती कण्हली. एक थेंब नाही. साहेबांचं समाधान माझ्यासमोर उतरलं. लगेच फोन करून त्यांनीच जनावरांचा डॉक्टर बोलावला. तो पोरगा आला, कास दाबून म्हणाला, "आप्पा, संध्याकाळपर्यंत दूध निघालं नाही तर सड जातील. एकदा मी सुई देतो. औषध म्हणून."

मी म्हणलं, "नाय."

डॉक्टर म्हणाला, "म्हैस वाया जाईल."

"नाय म्हणलं ना."

आणि साहेब, ज्यांनी मांजराला अहिंसा शिकवली, ते मागून म्हणाले, "आप्पा, द्या ना सुई. एकदाच. तिला त्रास होतोय."

मी वळून बघितलं. "पाप हाय ना दोन्ही?"

त्यांनी माझी पाटी आणि फावडं उचललं आणि निघाले. डॉक्टर गोठ्याबाहेर गाडीला टेकून थांबला, सुई भरून. मला ते दिसत होतं आणि मी ते बघत नव्हतो.

बऱ्याच वेळाने साहेब परत आले. सत्तरी उलटलेला माणूस, स्वतः खणलं. कोट मातीने भरलेला, धापा टाकत, आणि छातीशी ते रेडकू. ओलं, एका कुशीला उसवलेलं. मी म्हणलं, पुढं उभं करा. त्यांनी घाबरत घाबरत गव्हाणीपाशी नेलं. माणूस आयुष्यभर जनावरांवर प्रेम करत होता, पण म्हशीच्या तोंडाएवढं जवळ कधी आला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. प्रेम सगळं लांबून होतं.

गंगीने वास घेतला. कापूर, बुक्का, गुलाबपाणी. फुर्रकन शिंकली आणि तोंड फिरवलं. साहेबांनी दुसऱ्या बाजूने पुढे केलं. पुन्हा तोंड फिरवलं. ते तिचं रेडकू राहिलंच नव्हतं. साहेबांनी त्याला पार देव करून टाकलं होतं.

"नाही घेत आप्पा," साहेब म्हणाले. आवाज एवढा बारीक की पहिल्या फलाटालाही गेला नसता. त्यांनी ते रेडकू खाली ठेवलं आणि तिथेच, गव्हाणीला टेकून, मान खाली घालून उभे राहिले. मीही डॉक्टरला हाक मारायला तोंड उघडलं होतं की नव्हतं, ते मी सांगणार नाही.

गंगीने मान लांब केली. साहेबांच्या कोटाला नाक लावलं. छातीवर, जिथे धरून नेलं होतं आणि धरून आणलं होतं, तिथे हुंगत राहिली. मग जीभ काढून चाटायला लागली. म्हशीची जीभ म्हणजे कानस. साहेब ताठ झाले, डोळे मिटले.

मी खाली बसलो. कास हळूहळू सैल पडत होती.

"आप्पा," साहेब दात दाबून म्हणाले, "ही मला खाते की काय?"

"हलू नका."

"बटण गेलं माझं."

"जाऊ द्या. बोलत राहा. तिला आवाज बरा वाटतोय."

"काय बोलू?"

"जे येतं ते."

मग त्या माणसाने गोठ्यात उभं राहून, डोळे मिटून, पुकारायला सुरुवात केली. नाशिकहून पेठमार्गे सुरगाण्याकडे जाणारी गाडी. नाशिकहून सिन्नरमार्गे संगमनेर. निफाड, लासलगाव, मनमाड. पहिली धार बादलीच्या तळाला वाजली तेव्हा गाडी मालेगावला पोचली होती. डॉक्टर दारात येऊन उभा राहिला. त्याने सुई रिकामी केली आणि निघून गेला.

त्यानंतर साहेबांची रोजची ड्युटी लागली. सकाळ-संध्याकाळ, कोट घालून, गंगीपुढे उभं राहायचं. ऊन वाढलं, लोक बनियनवर आले, साहेब खाकी कोटात. कॉलनीत कोणी विचारलं तर म्हणायचे, "गोठ्याची पाहणी करतो. स्वच्छतेकडे लक्ष द्यावं लागतं." कोट धुवायची बंदी. वहिनींनी तो घरात घ्यायला नकार दिला, तेव्हा तो बाहेर गेटवर टांगलेला असायचा आणि शेजारी जाता-येता नाकाला रुमाल लावायचे. मला मनापासून बरं वाटायचं. इतकी वर्षं मी एकटाच वासाचा धनी होतो.

त्याच काळात कधीतरी वहिनींच्या दह्याचं बिंग फुटलं. मला वाटलं, आता गंगीचे नातेवाईक झालेत, परत दुधाचा चहा घेतील. त्यांनी दहीसुद्धा सोडलं. वहिनी मला येऊन बोलून गेल्या, जणू मीच सोडायला लावलं. शेवटपर्यंत त्यांनी ते पाळलं. त्याने गंगीला काडीचा फरक पडला नाही. पण पाळलं.

एकदा धार काढता काढता त्यांनी विचारलं, "आप्पा, मीसुद्धा तिला फसवतोच आहे ना?"

"हो. पण तुम्ही जिते हायत. तेवढं तिला जास्त मिळालं."

गंगी बाही चाटत होती. मग म्हणाले, "त्या दिवशी टोणग्याबद्दल मी जे विचारलं..."

मी धार थांबवली नाही.

"ती घोषणा चुकीची झाली होती. रद्द समजा."

"आणि प्रवाशांचा खोळंबा झाला त्याचं काय?"

"त्याबद्दल दिलगीर आहोत," म्हणाले. एसटीत असंच म्हणतात. मला तेवढं पुरलं. माफी मागितली असती तर मला अवघड झालं असतं.

म्हणून कोणी असं समजू नये की आमचं पटलं. टोणग्यांचं काय करायचं यावर ते रोज डोकं खायचे. मी म्हणायचो, एक तुम्ही पाळा. ते म्हणायचे, कॉलनीचे नियम आहेत. उंदरांची आवकही चालू होती. फक्त आता ते स्वतः गोठ्यात दिवसातून दोनदा असल्यामुळे उंदरांना नावाने ओळखायला लागले होते.

गंगीचं दूध आटत आलं तेव्हा साहेबांचं दुखणं निघालं. पोटाचं होतं. मुलगी पुण्याला, ती न्यायला आली. जायच्या सकाळी गाडी माझ्या गोठ्यासमोर थांबली. जावई स्टिअरिंगवर, घड्याळाकडे बघत. साहेब उतरले. अंगात नवा, मुलीने आणलेला स्वेटर, साबणाचा वास मारणारा. ते गंगीपुढे उभे राहिले. तिने हुंगलं आणि मान फिरवली. ओळखलं नाही. त्या माणसाने हातात घडी करून आणलेला कोट उलगडला, स्वेटरवरून चढवला. एवढा बारीक झाला होता की कोट दोन माणसांचा वाटत होता. तेव्हा गंगीने मान लांब केली.

मी कास धुतली. त्यांनी पुकारायचा प्रयत्न केला. पेठच्या पुढे श्वास गेला नाही. उरलेली गावं मी घेतली. मला सगळी पाठ झाली होती आणि ते मला माहीत नव्हतं.

धार झाल्यावर त्यांनी कोट काढला आणि गव्हाणीवरच्या खुंटीला लावला. म्हणाले, "आटेपर्यंत असू द्या. पण आप्पा, पेंढा भरू नका यात."

"माझा गोठा, माझा पेंढा. मी ठरवीन."

"बरं," म्हणाले आणि हसले.

गाडी निघाली. वळणावर आमचं लंगडं कुत्रं रस्त्यात आडवं झोपलेलं. जावयाने हॉर्न वाजवला. काचेतून हात बाहेर आला, आडवा, आणि शिट्टी ऐकू आली. अर्धीच. कुत्र्याने डोकं उचलून बघितलं, पण उठलं नाही. हात तसाच राहिला. जावयाने गाडी मागे घेतली आणि मातीत उतरवून कुत्र्याला वळसा घालून नेली. हात शेवटपर्यंत बाहेर होता.

परवाची सभा संपल्यावर चहा होता, दुधाचा, साहेबांच्या फोटोपुढे. मी न घेता निघालो, धारेची वेळ झाली होती. गंगी पुन्हा व्यालीय. या वेळी रेडी झाली, धडधाकट आहे, दिवसभर लुचते. गंगीला आता कोणाच्या कोटाची गरज नाही, तरी धारेच्या वेळी एकदा मान वर करून ती खुंटीवरची बाही चाटते, मग रेडीकडे वळते. सूनबाई म्हणते, काढा आता तो कोट, कुजला. मी काढत नाही.

पेंढा मी त्यात भरलेला नाही. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. यंदा पेंढा महाग आहे.